तीन खुणा

पहिली खूण पांढऱ्या आकड्यांच्या जरा पुढं,
बारीक,
पाटीवर पेन्सिल टेकवून उचलावी तेवढीच.
तिथून दुसरीपर्यंत मी पावलं मोजली: चौतीस.
दुसरी ठसठशीत, रबर जळाल्याची.
तिथून तिसरी: एकोणीस.
तिसरीला खूण म्हणायचं कशाला,
डांबरच खरवडलंय.
पंख्याच्या पात्यांनी ओळीनं मारलेल्या खाचा,
कोंबडी माती उकरते तशा,
आणि मग एक लांब रेघ
डावीकडं, गवतातून, थेट उसाच्या बांधापर्यंत.

मी बशीर मुलाणी.
आधी ओगलेवाडीला ट्रॅक्टर दुरुस्त करायचो,
आता अकरा वर्षं कराडच्या या पट्टीवर
विमानांचे पाय बसवतो.
आत बसून वर गेलो नाही कधी.
कुणी विचारलं नाही, मीही नाही.

साहेब लोक येतील, कागद भरतील.
वारा: आगाशिवाच्या अंगानं, आडवा,
आठ नॉट, मधूनच चौदा.
विद्यार्थिनी: केतकी शिंगटे, वय वीस, राहणार तारळे.
एकटीनं उड्डाण: तिसरं.
दुखापत: खालचा ओठ, दोन टाके.
आणि शेवटी एक चौकोन, 'कारण'.
त्यात माझा अंगठासुद्धा मावणार नाही.

मी पाहिलं ते असं.
हातात चहा होता.
ती आली बरी, फक्त वेग जास्त.
जमिनीनं घेतली नाही,
परत पाठवली,
पुरुषभर उंच.
तिनं दांडी पुढं ढकलली.
कुणीही ढकललं असतं.
सायकल शिकताना मी
ज्या खांबाला घाबरलो, त्याच्याकडंच बघत राहिलो
आणि त्याच्यावरच गेलो.
दुसऱ्यांदा नाकाचं चाक आधी टेकलं.
ते चाक म्हणजे करंगळी,
करंगळीवर पोतं तोलत नाहीत.
रेडिओवर पालकर कॅप्टन ओरडत होते,
'पॉवर दे! वर जा! वर जा!'
आवाज पोचला असणार.

संध्याकाळी ती हँगरमध्ये आली.
ओठ सुजलेला, बोलणं बोबडं.
विमान नाकावर, मागं शेपटी वर,
नमाजात वाकल्यासारखं.
(हे मी कुणाला सांगितलं नाही.)
'काका, मी पॉवर दिली होती.
जबाबात तसंच लिहिलंय.'

मी पान्याची पेटी उघडली. बंद केली.
पाती मागं वळली होती, केळीच्या पानासारखी.
इंजिन जोरात असतं
तर टोकं पुढं वळली असती.
लोखंड काय न् ॲल्युमिनियम काय,
त्याला माणसाची भीड नसते.
मला असते.
मला म्हणता आलं असतं, 'दिली असशील पोरी.'
तिचा बाप कारखान्यात चिटबॉय,
उडण्याच्या एकेका तासाचा आकडा तिला तोंडपाठ.

'पाती बघ,' मी म्हणालो. 'कुठं वळलीत?'

तिनं बघितलं.
मग हात लावला, वळणावरनं बोट फिरवत,
कानाची पाळी चाचपावी तसं.
बाहेर कुणाच्यातरी फडाला आग लावलेली,
काळी चिपाडं उडत आत येत होती.
'मागं,' ती म्हणाली.
बऱ्याच वेळानं:
'मग नव्हती दिली. मला वाटलं, दिली.'

मी तिला फडकं दिलं, रॉकेलचा डबा दिला.
नऊ वाजेपर्यंत तिनं नट धुतले.
सकाळी ऑफिसात जाऊन
जबाबातली एक ओळ खोडून आली,
कॅप्टननी काय म्हटलं ते सांगितलं नाही.

दीड महिन्यानं दुसरं विमान, परत एकटी.
तोच वारा.
टेकलं, उसळलं,
माझा चहा तिथंच थांबला,
आणि इंजिन असं गरजलं
की उसातले बगळे सगळे एकदम उठले.
ती बगळ्यांवरनं गेली,
सदाशिवगडाकडं वळली,
गोल घालून पुन्हा येऊ लागली.

तिसऱ्या खेपेला उतरली. कॅप्टन पेट्रोलवरनं बोलले.
मी पट्टीवर गेलो.
पहिली खूण सापडली, ताजी, बारीक.
पुढं काही मोजायला नव्हतं.
तरी मी चौतीस पावलं चाललो.